बेलीफ: जलाशयाच्या वाटेत आलेले शेतघर आणि त्याचे स्थलांतर

इंग्लंडच्या आग्नेय भागातील केंट परगण्यात, चिडिंगस्टोन गावाजवळ, ओकच्या लाकडी सांगाड्यावर उभारलेले ‘बेलीफ’ नावाचे शेतघर साडेपाचशे वर्षे एकाच जागी उभे होते. १९६० च्या दशकात तेथील खोऱ्यात पाणीपुरवठ्यासाठी जलाशय करण्याचे ठरले आणि घराची जागा त्या योजनेत गेली. १९६८-६९ मध्ये घराचा सांगाडा एकेक लाकूड सुटे करून उतरवण्यात आला आणि १९७२ मध्ये तो सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर दूर, वेस्ट ससेक्समधील सिंगलटन येथे, ‘वील्ड अँड डाउनलंड’ या उघड्यावरच्या संग्रहालयात पुन्हा उभा राहिला. आज हे घर पाहायला येणाऱ्याला १५४० च्या सुमाराचे एक नांदते शेतघर दिसते. १९६८ मध्ये जे उतरवले गेले ते मात्र तसे दिसत नव्हते. या प्रकरणाचा अभ्यास करण्याचे खरे कारण या फरकात आहे. घर हलवताना ते वाचवण्याचा निर्णय तर घ्यावा लागतोच, पण त्याच्या आयुष्यातले कोणते शतक वाचवायचे हाही निर्णय घ्यावा लागतो. पहिल्या निर्णयाची चर्चा पुष्कळ होते, दुसऱ्याची फार थोडी.

घर आणि त्याची बांधणी

नॉर्थ डाउन्स आणि साउथ डाउन्स या चुनखडीच्या दोन डोंगररांगांच्या मधल्या प्रदेशाला वील्ड म्हणतात. या नावाचा मूळ अर्थच रान असा आहे. जड चिकणमाती, ओढे आणि ओकची विपुल झाडी यांमुळे येथे दगडापेक्षा लाकडाचे बांधकाम साहजिक होते. पंधराव्या शतकात या भागातल्या सुस्थितीतील शेतकऱ्यांनी घराचा एक विशिष्ट नमुना घडवला, तो आज ‘वील्डन घर’ या नावाने ओळखला जातो. मध्यभागी जमिनीपासून छपरापर्यंत उघडा असलेला दिवाणखाना असे. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मजली भाग असत आणि त्यांचे वरचे मजले दर्शनी बाजूला थोडे पुढे आलेले असत. या सगळ्यावर एकच सलग छप्पर असल्यामुळे मधल्या दिवाणखान्याची भिंत आत ढकलल्यासारखी दिसते आणि तिच्यासमोरची वळचण वक्र आधारांवर तोललेली राहते. या नमुन्याची शेकडो घरे केंटमध्ये अजून उभी आहेत. ती सरदारांची नाहीत, तशी भूमिहीन मजुरांचीही नाहीत. स्वतःच्या किंवा दीर्घ मुदतीच्या खंडाच्या जमिनीवर राबून चार पैसे गाठीला बांधणाऱ्या कुटुंबांनी ती उभारली. सामान्य कष्टकऱ्याचे इतके जुने आणि इतके पक्के घर टिकून राहणे ही जगात कुठेही विरळा गोष्ट आहे, आणि त्यामुळेच यातले एक घर जाणार हे कळल्यावर काही जणांना स्वस्थ बसवले नाही.

बेलीफ एका दमात बांधलेले नाही. लाकडातील वार्षिक वलयांच्या मोजणीवरून दिवाणखाना आणि त्याच्या खालच्या अंगाचा, म्हणजे कोठ्यांच्या टोकाचा, भाग १४०५ ते १४३० च्या दरम्यान तोडलेल्या झाडांचा ठरतो, तर वरच्या अंगाचा, म्हणजे घरमालकाच्या खोल्यांच्या टोकाचा, भाग १५०५ ते १५१० च्या दरम्यानच्या झाडांचा. म्हणजे आज एकजीव दिसणाऱ्या या घराच्या दोन टोकांमध्ये जवळजवळ शंभर वर्षांचे, तीन-चार पिढ्यांचे अंतर आहे. खालच्या अंगाला दोन कोठ्या होत्या, एक पेयांची आणि एक पाव व कोरड्या जिनसांची. त्यांच्या वर एक खोली होती. मध्ये दोन खणांचा उंच दिवाणखाना, त्यात जमिनीवरच पेटवलेली उघडी चूल. वरच्या अंगाला खाली बैठकीची खोली आणि माडीवर घरमालकाची निजायची खोली. खिडक्यांना काच नव्हती. उभ्या लाकडी गजांमधून उजेड आणि वारा दोन्ही आत येत आणि थंडीच्या दिवसांत झडपा लावून घेत. चुलीचा धूर वर चढून छपरात साठे आणि तिथल्या फटींतून हळूहळू बाहेर पडे, त्यामुळे छपराचे वासे पिढ्यान्‌पिढ्या काजळीने माखत गेले. ही काजळी पुढे अभ्यासकांच्या फार उपयोगी पडणार होती.

सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्लंडमधल्या अशा असंख्य दिवाणखान्यांचे रूप पालटले. विटांचे धुराडे आले, चूल भिंतीशी सरकली आणि धूर निघून गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या वरच्या पोकळीत मजला घालून नवी खोली काढता आली. बेलीफच्याही दिवाणखान्यात हे बदल झाले. बदल करणाऱ्यांच्या दृष्टीने ती सुधारणाच होती, कारण धुरात डोळे चोळत जेवणाऱ्या कुटुंबाला धुराडे मिळणे ही केवढी सोय असेल याची कल्पना आपण करू शकतो. मात्र यामुळे १९६० च्या दशकातले बेलीफ मध्ययुगीन सांगाड्यावर नंतरच्या अनेक पिढ्यांचे कपडे चढवलेले घर होते. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला त्याचे वय कळले असतेच असे नाही.

पाणी, कायदा आणि एक शिक्षक

बाऊ बीच जलाशयाची योजना ईस्ट सरे वॉटर कंपनीची होती. हिवाळ्यात ईडन नदीचे पाणी उपसून साठवायचे आणि गरजेच्या काळात शुद्ध करून पुरवायचे, अशी तिची रचना आहे. वाढत्या वस्तीला पाणी लागणार होते ही गोष्ट नाकारण्यासारखी नव्हती. या प्रकरणात कोणी खलनायक नाही, हे येथेच स्पष्ट करून टाकणे मला आवश्यक वाटते, कारण वारसा वाचवण्याच्या अनेक हकिगती एका बाजूला लोभ आणि दुसऱ्या बाजूला सज्जनता अशा मांडल्या जातात आणि त्यामुळे मूळ पेच हाती लागत नाही. येथे दोन खऱ्या गरजा एकाच खोऱ्यात समोरासमोर आल्या होत्या.

कायद्याचे संरक्षण त्या वेळी तोकडे होते. १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने ऐतिहासिक इमारतींच्या याद्या करण्याची पद्धत सुरू केली होती, परंतु यादीतली इमारत पाडू इच्छिणाऱ्या मालकाला परवानगी घेण्याचे बंधन नव्हते. दोन महिन्यांची पूर्वसूचना दिली की पुरे होते. अडवायचे असेल तर त्या मुदतीत प्रशासनाने हालचाल करायची. पाडकामापूर्वी स्पष्ट संमती घेण्याचे बंधन १९६८ च्या कायद्याने आले. बेलीफ उतरवले जात होते त्याच वर्षी हे घडले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. जुन्या घरांविषयी समाजाचे मत बदलत होते, कायदा त्याच्या मागून येत होता आणि पाण्याची योजना दोघांच्याही पुढे होती.

या मधल्या काळात रॉय आर्मस्ट्राँग यांनी आपले काम उभे केले. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागात ते इतिहास शिकवत. दुसऱ्या महायुद्धानंतर ससेक्समध्ये क्रॉली हे नवे शहर वसवताना मध्ययुगीन लाकडी घरे जमीनदोस्त होताना त्यांनी पाहिली होती. स्कँडिनेव्हियात यावर एक उपाय कित्येक दशकांपूर्वीच सापडला होता: आर्टुर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये स्टॉकहोम येथे ‘स्कान्सेन’ सुरू करून स्वीडनच्या निरनिराळ्या भागांतली ग्रामीण घरे एका टेकडीवर आणून उभारली होती. वेल्समध्ये सेंट फेगन्स येथील संग्रहालय १९४८ मध्ये उघडले होते. आग्नेय इंग्लंडसाठी असेच काही करावे म्हणून आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये ‘वील्ड अँड डाउनलंड’ संग्रहालयाची स्थापना केली. एडवर्ड जेम्स यांच्या वेस्ट डीन इस्टेटीत त्याला जागा मिळाली आणि १९७०-७१ च्या सुमारास ते लोकांसाठी खुले झाले.

या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट ध्यानात येते. बेलीफ सुटे केले जात होते तेव्हा संग्रहालय अजून उघडलेही नव्हते. त्याच जलाशयाच्या जागेतले ‘विंकहर्स्ट’ हे दुसरे, आकाराने बरेच लहान लाकडी बांधकामही याच सुमारास आणले गेले आणि संग्रहालयाच्या आवारात उभी राहिलेली पहिली इमारत तीच ठरली. तेव्हा संग्रहालयाने घरे वाचवली हे खरे असले, तरी या घरांनी संग्रहालयाला सुरुवात करून दिली हेही तितकेच खरे आहे. अशी इमारत स्वीकारण्याची तयारी असलेली एखादी संस्था, निदान एखादी समिती, संकट येण्याआधी जन्माला आलेली असावी लागते. बेलीफच्या बाबतीत हा मेळ जेमतेम जमला. दोन-तीन वर्षांचा उशीर झाला असता तर हे घर फार तर छायाचित्रांत उरले असते.

सांगाडा उतरवणे

लाकडी सांगाड्याचे घर हलवता येते याचे कारण ते मुळातच जुळवून केलेले असते. मध्ययुगीन सुतार आपल्या आवारात जमिनीवर एकेक चौकट आडवी मांडून सांधे घडवत, मग सगळे सुटे करून जागेवर नेत आणि तिथे पुन्हा जुळवून उभे करत. एका लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ दुसऱ्या लाकडातल्या खाचेत बसे आणि दोघांतून आरपार ओकची लाकडी खुंटी ठोकली जाई. लोखंडी खिळ्यांवर मुख्य सांगाड्याचा भार नसे. सुटे करून नेल्यावर कोणता खांब कोणत्या तुळईचा हे समजावे म्हणून सुतार सांध्यांवर पटाशीने किंवा रेघणीने खुणा करत. या खुणा बहुधा रोमन अंकांच्या धर्तीच्या असतात, कारण सरळ रेघा लाकडात कोरणे सोपे. त्यामुळे बेलीफ उतरवणाऱ्यांना जे काम करायचे होते ते काही अंशी त्या मूळ सुतारांच्याच कामाची उलटी उजळणी होती.

काही अंशीच, असे म्हणण्याला कारण आहे. ओक हिरवा असताना, म्हणजे तोडल्यावर लवकरच, वापरला जाई, कारण तो वाळला की लोखंडासारखा कठीण होतो आणि हत्यार चालत नाही. बांधून झाल्यावर तो जागेवरच वाळतो, आक्रसतो, पीळ घेतो. पाचशे वर्षांत प्रत्येक सांध्याने आपल्या जोडीदाराच्या वाकण्याप्रमाणे स्वतःला वाकवून घेतलेले असते, आणि म्हणून ती जोडी दुसऱ्या कशाशीही जुळत नाही. खुंट्या बाहेर ठोकून काढताना लाकूड चिरू नये, कुजलेले टोक हातात येऊ नये, वाकलेला वासा सरळ करण्याचा मोह होऊ नये, याची काळजी घेत वरून खाली, कौलांपासून जोत्यापर्यंत, काम करावे लागते. त्याआधी प्रत्येक भिंतीची, प्रत्येक मजल्याची मोजमापे, रेखाटने आणि छायाचित्रे व्हावी लागतात आणि प्रत्येक लाकडावर क्रमांक चढावा लागतो. हे दप्तर अपुरे राहिले, तर घराचे जे उरते त्याला जळणाच्या ढिगाऱ्यापेक्षा फारसा वेगळा अर्थ नसतो. माझ्या मते स्थलांतराच्या खर्चातला पहिला हक्क या नोंदींचा आहे, आणि मुदत अपुरी पडत असेल तर बांधकाम साहित्य वाचवण्याआधी नोंदी वाचवाव्यात.

सगळेच हलत नाही. ओकच्या चौकटींमधले गाळे कुडाने भरलेले असत: उभ्या काठ्यांमध्ये फाटे विणून त्यावर माती, शेण आणि गवताचा लेप. सांगाडा सुटा करताना कूड जागच्या जागी विस्कटते. ते नव्या ठिकाणी नव्याने विणावे आणि लिंपावे लागते. घराखालची जमीन, जोत्याची माती, शतकानुशतके पाय पडून घट्ट झालेली दिवाणखान्याची भुई, यांतले काहीच येत नाही. कुजलेल्या लाकडाच्या जागी नवा तुकडा सांधावा लागतो आणि तो सांधताना जुन्याचे शक्य तितके राखून फक्त निकामी भाग कापायचा, हा चांगल्या सुताराचा नियम असतो. नवा तुकडा जवळून पाहणाऱ्याला ओळखू यावा, दुरून मात्र डोळ्यांत खुपू नये, ही अपेक्षाही योग्यच आहे.

उघडे पडल्यावर घर काय बोलले

सांगाडा सुटा करण्याने नुकसान होते, परंतु एरवी कधीही न मिळणारी माहितीही त्यातूनच मिळते. राहत्या घरात गिलाव्याखाली, फळ्यांमागे, धुराड्याच्या विटांच्या आड दडलेले सांधे या वेळी प्रथमच मोकळे होतात. रिकामी खाच दिसली की तिथे पूर्वी काहीतरी होते आणि नंतर काढले गेले हे कळते. तुळईच्या खालच्या अंगाला ओळीने छिद्रे असतील तर तिथे कुडाच्या काठ्या रोवलेल्या असत, म्हणजे भिंत होती. छिद्रे चौकोनी आणि कर्णरेषेवर फिरवलेली असतील तर ती खिडकीच्या गजांची, आणि जवळ लांब खोबण असेल तर सरकत्या झडपेची. काजळी याहून अधिक बोलकी असते. ज्या वाशांवर दाट काजळी आहे ते उघड्या चुलीच्या काळातले. ज्या तुळया स्वच्छ आहेत त्या धुराडे आल्यानंतरच्या. काजळी कुठे संपते त्या रेषेवरून दिवाणखान्याची मर्यादा कळते, कारण धूर दोन्ही टोकांच्या खोल्यांत शिरू नये म्हणून मध्ये बंद भिंत असे. कोणत्याही दस्तऐवजापेक्षा हा पुरावा मला अधिक हृद्य वाटतो: या घरात राहिलेल्या माणसांनी लिहून ठेवलेले फारसे काही उरलेले नाही, पण त्यांनी रोज पेटवलेल्या विस्तवाची नोंद छपराने ठेवली आहे.

काळ ठरवण्यासाठी वलयांची मोजणी उपयोगी पडते. ओक दरवर्षी एक वलय धरतो. पावसाच्या आणि उन्हाच्या मानाने ते कमी-अधिक रुंद होते, आणि एका प्रदेशातल्या झाडांमध्ये रुंद-अरुंद वलयांचा क्रम साधारण सारखा राहतो. ज्ञात क्रमाशी तुळईतला क्रम जुळवला की तिचे शेवटचे वलय कोणत्या वर्षाचे ते कळते. झाडाची साल शाबूत असेल तर तोडणीचे वर्ष नेमके मिळते. परंतु सुतार पुष्कळदा सालीलगतचे कोवळे लाकूड तासून टाकत आणि मग किती वलये गेली असतील याचा अंदाज धरावा लागतो. कालमापनाचे निष्कर्ष अनेकदा एका वर्षाऐवजी कालपट्ट्यात दिले जातात ते यासाठी. हिरवे लाकूड वापरण्याच्या प्रथेमुळे तोडणीचा काळ हाच बांधणीचा काळ धरता येतो, ही या पद्धतीची मोठी सोय आहे.

कोणते शतक?

सुटा केलेला सांगाडा सिंगलटनला पोहोचला तेव्हा उभारणाऱ्यांपुढे दोन मार्ग होते. एक म्हणजे घर १९६८ मध्ये जसे होते तसे, धुराडे आणि मधला मजला यांसह उभारायचे. दुसरा म्हणजे नंतरचे बदल वगळून मध्ययुगाच्या अखेरीचे रूप परत आणायचे. त्यांनी दुसरा मार्ग घेतला. आज बेलीफमध्ये धुराडे नाही. दिवाणखाना छपरापर्यंत उघडा आहे, मधोमध चूल आहे, खिडक्यांना काच नाही, माडीवरच्या खोलीला बाहेर झुकलेला शौचकूप आहे.

वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे मांडणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेशी हा निर्णय ताडून पाहणे उद्बोधक आहे. सनदेच्या सातव्या कलमाप्रमाणे वास्तू तिच्या इतिहासापासून आणि तिच्या जागेपासून अलग करता येत नाही. तिच्या रक्षणासाठी दुसरा इलाजच नसेल, किंवा अत्यंत मोठ्या राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय हिताची बाब असेल, तरच तिचे स्थलांतर क्षम्य ठरते. या कसोटीवर बेलीफ उतरते, कारण जागाच जाणार होती. (त्याच वर्षी इजिप्तमध्ये नाईलवरच्या धरणामुळे अबू सिंबेलची मंदिरे कापून वर नेण्याचे काम सुरू झाले होते, हा या कलमाचा जिवंत संदर्भ होता.) अकरावे कलम मात्र अवघड आहे. वास्तूवर निरनिराळ्या काळांनी केलेल्या सर्व उचित संस्कारांचा मान राखावा, शैलीची एकसंधता हे जीर्णोद्धाराचे ध्येय नव्हे, असे ते सांगते. नंतरचा संस्कार काढून आधीचा थर उघडा करणे क्वचितच समर्थनीय ठरते, आणि तेही काढले जाणारे कमी मोलाचे व उघडे होणारे फार मोलाचे असेल तेव्हा.

धुराडे कमी मोलाचे होते काय? येथे माझे मत दोन्हीकडे ओढले जाते. धुराडे हा इंग्लंडच्या ग्रामीण जीवनातला फार मोठा बदल होता. त्याने चूल, निजण्याची खोली, घरातला एकांत आणि माणसांचे परस्परांशी वागणे हे सारे बदलले. ते वगळले म्हणजे घराच्या आयुष्यातला निम्म्याहून मोठा कालखंड वगळला. घर जर आपल्या मूळ जागी उभे असते, तर धुराडे पाडून मध्ययुग परत आणण्याच्या प्रस्तावाला मी ठाम विरोध केला असता. परंतु घर सुटे झाल्यावर परिस्थिती बदलते. विटांचे धुराडे सांगाड्यासारखे खुंट्या काढून उतरत नाही. ते पाडावे लागते आणि नव्या जागी जे बांधले जाईल ते बहुतांशी नवे बांधकामच असते. मूळ सांगाडा मात्र अस्सल आहे आणि त्यावर उघड्या दिवाणखान्याचा पुरावा ठायी ठायी आहे. धुराडे ठेवलेली जुनी घरे केंटमध्ये पुष्कळ आहेत. धूर छपरातून जाऊ देणारा, चूल पेटती असलेला मध्ययुगीन दिवाणखाना लोकांना प्रत्यक्ष अनुभवायला मिळणारी जागा फारशी नाही. एवढे लक्षात घेऊन मी निर्णय योग्य मानतो, मात्र एका अटीवर: घराने काय गमावले हे पाहणाऱ्याला तितक्याच स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे. १५४० चे घर म्हणून जे दिसते ते १५४० पासून आजवर तसेच टिकून राहिलेले नाही, ते पुराव्यावरून परत मांडलेले आहे.

घराभोवतीचे शेत

घर उभे राहिले तरी पहिली काही वर्षे ते गवतावर एकटेच होते, आणि शेताविना शेतघर म्हणजे अर्धेच वाक्य. १९८० च्या दशकात संग्रहालयाने बेलीफभोवती पूर्ण शेतवाडी उभी करण्याचे काम हाती घेतले. वेस्ट ससेक्समधल्या काउफोल्ड येथून आणलेले सोळाव्या शतकातले धान्याचे कोठार त्याच्या शेजारी आले. भाजीपाल्याची वाफे पाडलेली बाग, फळझाडे, कुंपणे, शेतांच्या कडेचे झाडीचे अरुंद पट्टे यांची आखणी झाली. घरात त्या काळाच्या पद्धतीने नव्याने घडवलेले पलंग, पेटारे, मेज, भांडी ठेवण्यात आली. ही चीजवस्तू नवी असल्यामुळे दोऱ्या बांधून लोकांना लांब ठेवावे लागत नाही. माणूस बाकावर बसू शकतो, पेटाऱ्याचे झाकण उचलू शकतो.

यातही एक तडजोड आहे आणि ती मान्य करायला हवी. चिडिंगस्टोनचे घर आणि काउफोल्डचे कोठार यांची एकमेकांशी कधी गाठ पडली नव्हती. वील्डच्या चिकणमातीवर वाढलेले घर आज डाउन्सच्या चुनखडीच्या कुशीत आहे. भोवतालची माती वेगळी, उतार वेगळा. अशी शेतवाडी १५४० मध्ये या ठिकाणी नव्हती. तरीही आपल्या कोठारापासून, बागेपासून आणि गुरांपासून तोडलेले घर याहून अधिक चुकीचे चित्र उभे करते, असे मला वाटते. एकटे घर पाहणारा त्याच्या खांबांचे कौतुक करतो. शेतवाडीत आलेला, इतक्या माणसांना इथे दिवसभर काय काम असेल हे विचारू लागतो.

चुलीबाबतही एक पेच आहे. दिवाणखान्यात विस्तव पेटवला की नवी काजळी जुन्या काजळीवर बसते. जी काजळी मुळात पुरावा म्हणून वाचली गेली, तिच्यावरच पुन्हा लिहिले जाते. घर वस्तू म्हणून जपायचे की वापर दाखवायचे साधन म्हणून, हा प्रश्न येथे रोजचा होतो. आधी काजळीची नोंद झाली असेल तर चूल पेटवावी, अशी माझी भूमिका आहे, आणि नोंदींना पहिला हक्क द्यावा असे वर म्हटले ते या कारणानेही.

विंकहर्स्टचा दुसरा प्रवास

बेलीफचे प्रकरण त्याच्या धाकट्या सोबत्याशिवाय पुरे होत नाही. विंकहर्स्ट १९६९ मध्ये संग्रहालयात उभे राहिले ते मध्ययुगाच्या अखेरचे एक छोटे राहते घर म्हणून. तशी समजूत होण्यास कारणही होते: आकार लहान, एक भाग छपरापर्यंत उघडा, लाकडावर काजळी. परंतु पुढील काळात लाकडी बांधकामांचा अभ्यास वाढला, तुलनेसाठी अधिक उदाहरणे पुढे आली, आणि हे स्वतंत्र घर नसून एखाद्या मोठ्या घराला जोडून असलेले स्वयंपाकघर असावे, असे मत पक्के होत गेले. मोठ्या घरांत आगीच्या आणि धुराच्या भीतीने स्वयंपाकघर बाजूला बांधण्याची रीत होती. संग्रहालयाने मग जे केले ते मला या सर्व हकिगतीत सर्वांत मोलाचे वाटते. केवळ फलक बदलून भागवण्याऐवजी त्यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत विंकहर्स्ट पुन्हा सुटे केले आणि आवारातल्या दुसऱ्या जागी ट्यूडर काळातले, म्हणजे सोळाव्या शतकातले, स्वयंपाकघर म्हणून उभे केले.

संग्रहालयाची पहिली इमारत, जिच्यावर संस्थेची ओळख उभी राहिली, तिच्याबद्दल आपण चुकलो होतो हे मान्य करणे सोपे नसते. पहिल्या वेळच्या उभारणीने लाकडाला कायमची इजा केली असती, काँक्रीटमध्ये पाय पुरले असते किंवा सांध्यांत चिकट रसायने ओतली असती, तर ही दुरुस्ती शक्यच झाली नसती. सांगाडा खुंट्यांवर जुळवलेला राहिला म्हणून तो पुन्हा सुटा झाला. पुनर्रचना परतवता येण्याजोगी असावी हा संवर्धनशास्त्रातला नियम अनेकदा मंत्रासारखा म्हटला जातो; येथे तो प्रत्यक्ष कामी आला.

बेलीफच्या बाबतीतही तोच न्याय लावता येईल. उद्या त्याच्या वरच्या अंगाविषयी किंवा खिडक्यांविषयी नवा पुरावा पुढे आला तर घरात बदल करता येतील, कारण सांगाडा आणि त्याचे सांधे सुताराच्या हाताला अजून प्रतिसाद देतात. धुराड्याचे मात्र तसे नाही. ते परत आणता येणार नाही, आणि ज्या जागेवर ते उभे होते ते खोरेही आता जलाशयाचे आहे. बाऊ बीचच्या काठावर आज पाणपक्षी पाहायला लोक येतात. सिंगलटनला विंकहर्स्टच्या स्वयंपाकघरात सोळाव्या शतकातल्या रीतीने विस्तवावर अन्न शिजवून दाखवले जाते, आणि त्याच आवारात बेलीफच्या दिवाणखान्यात चूल पेटते तेव्हा धूर पूर्वीसारखाच कौलांच्या फटी शोधत बाहेर पडतो.